सावरीच्या पाच उशा

खांद्याचं ऑपरेशन झालं की लोक विचारतात, दुखतंय का? झोपलास का, हे कोणी विचारत नाही.

माझं ऑपरेशन ठाण्याला झालं, गणपतीनंतरच्या आठवड्यात. मी कोपरला राहतो, डोंबिवली पश्चिमेला, आणि लग्नांच्या हळदीत वाजणाऱ्या बेंजो पार्टीत ढोल वाजवतो. बाकीचे दिवस एका कुरियरच्या ऑफिसात बसतो, पण ते हळदीत कोणाला सांगत नाही. खांदा ढोल वाजवून गेला असता तर सांगायलाही बरं वाटलं असतं. तो ढोल माळ्यावर ठेवताना गेला. स्टूल सरकलं, ढोल वरून आला आणि मी त्याला वाचवायला उजवा हात वर केला. ढोलाला ओरखडासुद्धा नाही.

खांद्याचा स्नायू हाडापासून सुटला होता. डॉक्टर ऐश्वर्यांनी दुर्बिणीनं आत जाऊन तो तीन टाके घालून परत हाडाला शिवला. घरी सोडताना त्या म्हणाल्या, "सहा आठवडे हा पट्टा. झोपतानासुद्धा. आडवं झोपायचं नाही, उशा लावून अर्धवट बसून झोपायचं. झोपेत हात झटकलात की शिवण उसवेल, आणि दुसऱ्यांदा शिवायला तिथे फार काही उरणार नाही."

"मग ढोल?"

"मग ढोल लोकांचा ऐकायचा."

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे हळदी सुरू होतात. पार्टीला नोव्हेंबरच्या तारखा लागलेल्या होत्या. सहा आठवडे त्याच्या बरोब्बर आधी संपत होते. म्हणजे मला आयुष्यात एकच काम उरलं होतं: हात न हलवता झोपणं. मी बी.कॉम. आहे, एवढं जमायला हरकत नव्हती.

हॉस्पिटलच्या कागदावर एका गोऱ्या माणसाचं चित्र होतं. डोक्याखाली उशी, पाठीला उशी, कोपराखाली उशी, गुडघ्याखाली उशी, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की ऑपरेशन दुसऱ्याच कोणाचं झालं असावं. आमच्या घरात तीनच उशा होत्या. हिरव्या फुलांच्या, आईनं उन्हाळ्यात स्वतः शिवलेल्या. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे चौथ्या उशीची गरज कधी पडली नव्हती.

मी तीन उशा लावून बसलो आणि वास आला.

आधी बामचा. मग त्याच्या खालून घामाचा, बनियन तीन दिवस बादलीत विसरलं की येतो तसा. तिसऱ्या उशीचा वास मी लिहिणार नाही. ती मी गुडघ्याखाली घेतली, नाकापासून जमेल तितकी लांब.

"आई, उशांना वास येतोय."

"तुझ्या नाकात हॉस्पिटल बसलंय," आई म्हणाली. "नवीन उशा हायत. सावरीच्या. मिळतो तरी का आता सावरीचा कापूस?"

चार दिवस डोळा लागला नाही. पाठ एकीकडे घसरायची, मान दुसरीकडे, हात पट्ट्यात लटकून राहायचा. आईनं नातेवाइकांना फोन केले. शहाडहून कल्पिताताई आली, माझी आतेबहीण. साडीच्या दुकानाच्या पिशवीतून तिनं तश्शीच हिरव्या फुलांची उशी काढली.

"ही घे. मामीनंच दिलेली. आणि परत नको पाठवूस."

"का गं?"

"पायाचा वास येतो."

"उशीला?"

"पावसात भिजलेले बूट काढल्यावर येतो ना, तसा. मी सासूवर संशय घेतला, सासूनं माझ्यावर. महिनाभर आम्ही एकमेकींना पाय धुताना बघत होतो. आता घरात सगळ्यांचे पाय स्वच्छ आहेत. वास आहे तसाच."

दुसऱ्या दिवशी खडवलीहून त्र्यंबकमामा आला, आईचा भाऊ. खांद्यावर पोतं. पोत्यात दुधी, काकड्या आणि पाचवी उशी.

"आमच्या उशीला लाळ सुटते," मामा म्हणाला. म्हैस आटली हे तो याच आवाजात सांगतो. "रोज सकाळी डावा कोपरा वला. आधी नातवावर घातलं. नातू जूनमध्ये पुण्याला गेला. उशी वलीच."

"मग आणलीस कशाला?"

"तुला कमी पडते ना?"

आमचे नातेवाईक असे आहेत. नको असलेली वस्तू ते टाकत नाहीत, आजारी माणसाला देतात.

पाच उशा आणि एक माणूस. किती तऱ्हेनं लावता येतील याचा मी सकाळभर प्रयोग केला. कल्पिताताईची डोक्याखाली घेतली तर पाठीत चमक. मामाची कोपराखाली घेतली तर मान धरली. शेवटी एकच रचना बसली: मामाची डोक्याखाली, बामवाली पाठीला, घामवाली उजव्या कोपराखाली, ती तिसरी गुडघ्याखाली, आणि कल्पिताताईची, कागदावर नसूनही, पावलांखाली. ती पावलांखाली जाताच बाकीच्या चार किंचित खचल्या आणि एकमेकींना येऊन चिकटल्या. बसमध्ये ओळखीची माणसं भेटल्यावर सरकून बसतात तशा.

मी अकरा तास झोपलो.

उठलो तेव्हा उजवा हात काल ठेवला होता तिथेच होता. कोपराखालची उशी दोन्ही बाजूंनी वर आली होती. पट्ट्याच्या आत हात आणि हाताच्या बाहेर उशी. डाव्या हातानं मला ती सोडवून काढावी लागली.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी खांदा तपासला आणि खूश झाल्या. "हात अजिबात हललेला दिसत नाही. कसे झोपता?"

"उशांवर," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. पण रोज सकाळी काय सापडायचं ते मी सांगितलं नाही. कोपराखालच्या उशीतला खड्डा दिवसभर भरून यायचा नाही. मी त्यात माझा डावा हात ठेवून बघितला. खड्डा माझ्या हाताहून जाड हाताचा होता. पाठीची उशी पंख्याखाली चार तास ठेवली तरी तापलेली असायची. आणि माझा गाल ओला असायचा. मी तोंड मिटून झोपतो. माझ्या आधीच्या मैत्रिणीच्या तक्रारींच्या यादीत पुष्कळ काही होतं, पण लाळ नव्हती. एका सकाळी ते ओलं ओठाला लागलं आणि जिभेवर चव आली.

मशेरीची.

मी मशेरी लावत नाही. आई लावत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये मशेरी लावणारे एकच होते. सीताराम तात्या, बाबांचे मोठे भाऊ, आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. त्यांची डावी बाजू गेली आणि चार वर्षं ते अंथरुणात होते. उजव्या हातानं मशेरी लावायचे, ती डाव्या गालातून गळायची, आणि मीराकाकी पुसायची. मे महिन्यात ते गेले.

मी स्वयंपाकघरात गेलो. आई बोंबील साफ करत होती.

"आई, ह्या उशांत काय आहे?"

"सावरी."

"कुठली?"

बोंबलाचं एक डोकं तुटलं. मग दुसरं.

"आपलीच. गावच्या शेतावरची. तुझ्या आजोबांनी भरलेली गादी होती."

"कोणाची गादी?"

"तात्याची," आई म्हणाली, आणि नळ सोडला.

आमच्याकडे माणूस गेला की दहाव्याला त्याची गादी खाडीवर सोडून येतात. तात्यांचीही सोडली होती. मी स्वतः एक टोक धरलं होतं, आणि गादी फार हलकी आहे असं मला तेव्हाच वाटलेलं.

"मग आम्ही काय सोडलं?"

"खोळ. आत जुन्या साड्या भरल्या. गादी म्हंजे खोळच रे. माणूस खोळीवर झोपतो. कापूस झाडाचा, त्याला काय म्हाईत कोण मेलं? एवढी सावरी खाडीत घालू? चार दिवस गच्चीवर उन्हात टाकली मी."

"आणि उशा भरल्यास कुठून?"

"डोक्याकडनं. शिवण तिकडनंच उसवली. पयली त्र्यंबकला, भाऊ म्हणून. तीन आपल्याला. उरली ती कल्पिताला."

मी मनातल्या मनात गादी परत अंथरली. डोकं खडवलीला, पाय शहाडला, मधला सगळा माणूस आमच्याकडे कोपरला. आणि आता सगळाच कोपरला, मीच बोलावून, मीच क्रमानं लावून.

मी उलटी केली. तोंड धुतलं. आणि त्या दुपारी परत जाऊन त्याच उशांवर झोपलो. झोपायला दुसरी जागा होती, पण वाजवायला दुसरा उजवा हात नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात मीराकाकी खाली आली. तात्या गेल्यापासून ती जिना फारसा उतरायची नाही. हातात माझ्यासाठी निवट्यांचं, खाडीच्या चिखलातल्या माशांचं, कालवण होतं. दुपारचे दोन वाजले होते. दारातच ती थांबली. तिचं नाक हललं. वाटी तिनं टीव्हीवर ठेवली, टीव्ही पातळ असल्यामुळे ती मागे पडली, आणि काकीनं तिकडे बघितलंही नाही. ती सरळ माझ्याकडे आली. एक हात माझ्या कमरेखाली, एक गुडघ्यामागे, आणि काही कळायच्या आत मी डाव्या कुशीवर. खांद्याला धक्कासुद्धा लागला नाही. पदरानं तिनं माझा गाल पुसला.

"कूस बदलायची येल झाली," ती म्हणाली.

मग तिनं स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"काकी, मी धनेश."

"म्हाईत हाय." ती पलंगापासून दोन पावलं मागे गेली. "ही गादी कुठनं आणलीस?"

"उशा आहेत."

"मना नको शिकवू. चार वर्सं धुतलीय मी ती." कालवण टीव्हीमागच्या भिंतीवरून खाली येत होतं. "तो गेल्यावर मी रातभर झोपाया लागले. चार वर्सांत पयल्यांदा. आता पंधरा दिस झाले, दर दोन तासांनी जाग येते. उठून हुभी रहाते. मना वाटलं, सवय हाय, जाईल."

पंधरा दिवस. मामा पोतं घेऊन आला त्याला पंधरा दिवस झाले होते.

"आजच्या आज खाडीत टाक."

"काकी, तीन आठवडे राहिलेत. हात सुटला तर ढोल—"

"त्याला पण डाक्टर तसंच सांगायचा," काकी म्हणाली. "अजून तीन आठवडे. हात सुधरल." तिनं आमच्या बेसिनवर साबणानं हात धुतले. मग परत धुतले. मग जिना चढून गेली. वाटी नेली नाही.

तरीही मी ऐकलं नसतं. मी खरं सांगतोय, ऐकलं नसतं. माणूस कशालाही सरावतो, विशेषतः झोप लागत असेल तर. पण दुसऱ्या सकाळी आईनं चादर झटकली आणि खिडकीच्या उजेडात काहीतरी उडालं. सावरी गळते हे मला माहीत होतं. हे पापुद्रे होते. नखाएवढे, मऊ, कडेला पिवळट. एक मी उचलून उजेडाला धरला. त्यावर बारीक गोल रेषा होत्या, एकीत एक, बोटाच्या टोकावर असतात तशा.

दुसरा माझ्या जिभेला चिकटला होता.

त्याच दिवशी मामाला बोलावलं. पाचही उशा त्यानं पोत्यात कोंबल्या, पायाने दाबल्या, रिक्षानं खाडीवर गेला आणि पोतं उपडं करून आला. पोतं मात्र परत आणलं.

"चांगलं पोतं हाय," मामा म्हणाला.

वीस दिवस राहिले होते. आईनं बाजारातून नवीन उशा आणल्या, स्पंजच्या. त्यांना कसलाच वास नव्हता आणि त्यांच्यावर झोपही नव्हती. मी घसरत राहिलो. प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो, घोंगड्या रचल्या, सोफ्याच्या कोपऱ्यात हात टेकला. तीन दिवस मी जागा होतो. घड्याळ मला आवडेनासं झालं. चौथ्या सकाळी चहा घेता घेता खुर्चीतच डोळा लागला. हात घोंगडीवरून सुटला, पट्ट्याला हिसका बसला आणि खांद्याच्या आत जुनं कापड फाटल्यासारखा आवाज झाला. तो मी ऐकला. आईनंही ऐकला.

ठाण्याला डॉक्टर ऐश्वर्यांनी फोटो काढून बघितले.

"एक टाका गेलाय. दोन आहेत. तुम्ही आधी इतके छान झोपत होता, मग झालं काय?"

"त्या उशा टाकल्या."

"मग परत आणा," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

कोपरला उतरल्यावर मी आईला रिक्षात बसवलं. औषधं घेऊन येतो म्हणालो. 

बिल्डिंगी संपल्या की तिवरांतून एक पायवाट खाडीकडे जाते. दुपारचा एक वाजला होता, ओहोटी होती. चिखल उघडा पडला होता. काळा, चकाकणारा, बुडबुडे सोडणारा. त्यात लहान मुलांचे डायपर, फुटके नारळ, विसर्जनातून उरलेला गुलाबी रंगाचा एक प्लास्टरचा हात. वास असा की नाकानं घेतला तरी घशात उतरायचा. चपला पहिल्या दहा पावलांतच गेल्या. पायाच्या बोटांमधून चिखल वर आला. तो कोमट होता.

मामानं पोतं उपडं केलं होतं. उशा अस्ताव्यस्त पडायला हव्या होत्या.

त्या रांगेत होत्या.

डोक्याची, पाठीची, हाताची, गुडघ्याची, पायाची. तिवराच्या दोन झाडांमध्ये, डोकं बांधाकडे, पाय पाण्याकडे. सहा भरत्या तरी त्यांच्यावरून गेल्या असतील. हिरवी फुलं काळी पडली होती. डोक्याच्या उशीच्या डाव्या कोपऱ्यावर चिंबोरीची पिल्लं बसून काहीतरी खात होती. खोळी फुगल्या होत्या, पोटं फुगतात तशा, आणि शिवणीतून पिवळं पाणी झिरपत होतं.

मी विचार केला. पाच भिजलेल्या उशा एका हातानं घरी नेता येणार नाहीत. पाच खेपा केल्या तर चिखलात पाय घसरून पडेन. पडलो तर उरलेले दोन टाके जातील. तीन दिवस झोप नव्हती. हा हिशेब मला तेव्हा पूर्णपणे बरोबर वाटला.

थोडा वेळ पडायचं, एवढंच. घरी कसं न्यायचं ते उठून ठरवू.

भरती साडेचारनंतर होती. मी मोबाइलवर चारचा गजर लावला आणि मोबाइल डाव्या खिशात ठेवला.

चिंबोऱ्यांना हाकललं. त्या फार लांब गेल्या नाहीत.

आधी बसलो. पँटमधून ओल वर आली. मग मागे टेकलो. मानेखाली काहीतरी पिचकलं आणि कानात गेलं. मशेरीचा वास आला, बामचा आला, घामाचा आला. ओकारी आली, ती मी गिळली, कारण ओकताना खांदा हलतो.

पाठीची उशी गरम होती.

मी पूर्ण आडवा झालो, तशा त्या जराशा सरकल्या. पाचही. मला जागा करून दिली.

कोपराखालची वर आली, दोन्ही बाजूंनी, सावकाश. खांद्यातली कळ थांबली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

मला झोप लागली.

गजर चारला झाला. मी डाव्या हातानं तो बंद केला. टाचांना गार पाणी लागत होतं, म्हणजे भरती लवकर लागली होती. उठायला हवं होतं. मी डावा हात चिखलात रोवला आणि अंग वर ओढलं.

उजवा हात जागचा हलला नाही.

मी परत ओढलं. तसूभरही नाही. खांद्याला ताण नाही, हिसका नाही, दुखणं तर अजिबातच नाही.

डॉक्टरांना अगदी असाच हवा होता.